पंडितांचा वाद की राजांचा? नागसेनवनाचा धडा

१/ छत्रपती संभाजीनगरातील मिलिंद महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे. पण मराठवाड्यातील महाविद्यालयाला यवन, म्हणजे ग्रीक, राजाचे नाव का? इतिहास कसा शिकावा, याचा एक धडा या नावात आहे. #थ्रेड

२/ निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले.

३/ मिलिंद म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातील राजा मिनँडर. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. नागसेन आधीच अट घालतो: वाद पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच बोलेन. पंडित एकमेकांचे मुद्दे खोडतात, चूक स्वीकारतात, पण रागावत नाहीत. राजे विरोधकाला शिक्षा फर्मावतात. मिलिंद अट मान्य करतो.

४/ आता मिलिंदाच्याच इतिहासावर वाद घालून पाहू. पाली ग्रंथानुसार त्याने राज्य पुत्राला सोपवून प्रव्रज्या घेतली. ग्रीक लेखक प्लुटार्क म्हणतो, तो छावणीत मरण पावला आणि त्याच्या रक्षेसाठी नगरांत चढाओढ लागली. खरे काय?

५/ साधने तपासू. प्लुटार्क दोन शतकांहून अधिक काळानंतरचा. पाली ग्रंथाचा उत्तरार्ध जुन्या चिनी भाषांतरात नाही; म्हणून अभ्यासक त्याला नंतरची भर मानतात. मिनँडरच्या अनेक नाण्यांवर अथीना देवी आहे, तर काहींवर चक्र. ते धर्मचक्र की राजसत्तेचे चिन्ह?

६/ वर्गात यावर दोन गट करावेत आणि अर्ध्या तासाने बाजू बदलाव्यात. प्रतिपक्षाचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत आधी मांडावा, मगच खोडावा. पुराव्यापुढे मत बदलणे ही हार नव्हे.

७/ ही केवळ वर्गातली कसरत नाही. जुलै १९७८ मध्ये याच शहरातील मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. नागसेनाची अट मोडली की काय होते, हे या भूमीने पाहिले आहे.

८/ तर मित्रहो, नाण्यावरचे ते चक्र कशाचे? मत मांडा, पुराव्यासह. आणि कुणी खोडले, तर रागावू नका.