लय आणि लिपी

झाशीच्या जुन्या शहरातील मानिक चौक हा बाजारपेठेचा भाग होय. याच शहरात गंगाधरराव नेवाळकर यांनी आपल्या निधनापूर्वी, म्हणजे १८५३ पूर्वी, नाट्यशाला चालविली होती. संगीताची दोन मोठी पीठे, दतिया व ग्वाल्हेर, तेथून फार दूर नव्हती. १८५८ च्या पाडावात झाशीच्या ग्रंथसंग्रहाची जी धूळधाण झाली, तिचे वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘माझा प्रवास’ या ग्रंथात आहे. त्या संग्रहाबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे ध्रुपदांच्या पोथ्या असत्या आणि त्या वाचल्या असत्या, तरी गाण्याचे एक अंग त्यांतून हाती लागले नसते. ते अंग म्हणजे लय. शब्द, राग आणि ताल यांची नोंद होऊ शकते. दोन मात्रांमधील अंतर मात्र पोथीत उतरत नाही.

ही अडचण केवळ मौखिक परंपरेचीच आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. योहान सेबास्टियन बाख याच्या ‘वेल टेम्पर्ड क्लेव्हियर’ या संग्रहाचा १७२२ चा पहिला भाग स्वरलिपीत पूर्णपणे उपलब्ध आहे. त्यात चोवीस फ्यूग आहेत. फ्यूगमध्ये एक लहान स्वरविषय एका आवाजात मांडला जातो, मग दुसरा व तिसरा आवाज तोच विषय क्रमाने उचलतात आणि सर्व आवाज एकमेकांत गुंफले जातात. या चोवीसांपैकी केवळ अखेरच्या फ्यूगवर ‘लार्गो’, म्हणजे संथ, असा शब्द आढळतो. उरलेल्या तेवीस रचना किती जलद वाजवाव्यात, याविषयी कागद मौन धरतो. मेल्झेलचे लयमापक यंत्र पुढे १८१५ च्या सुमारास आले आणि चेर्नीने १८३७ च्या आपल्या आवृत्तीत प्रत्येक रचनेस आकडे लावले. ते आकडे बाखचे नव्हेत. बाखनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अभिरुचीचे ते निदर्शक आहेत.

मग बाखचे मौन ही हयगय मानावयाची काय? १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मृत्युलेखात, त्याची लय बहुधा चपळ असे व तिच्यावर त्याची पकड विलक्षण निश्चित असे, असा निर्वाळा दिलेला आहे. त्या काळच्या वादकास तालचिन्ह, सर्वांत लहान स्वराची मात्रा आणि विषयाची प्रकृती यांवरून लय उमगत असे. क्वान्ट्झने १७५२ मध्ये निरोगी माणसाच्या नाडीचे मिनिटास सुमारे ऐंशी ठोके हे प्रमाण सुचविले. येथे शार्ङ्गदेवाचे स्मरण होते. तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’त मात्रेचे माप पाच लघु अक्षरांच्या उच्चारास लागणाऱ्या काळावर बसविले आहे. एकाने नाडी घेतली, दुसऱ्याने वाणी. दोघांनीही काळाचे माप मनुष्यदेहातच शोधले.

तथापि एवढ्याने लयीची निवड संपत नाही. फ्यूगमधील लय आरंभाच्या सोप्या विषयावरून ठरविणारा वादक पुढे फसतो. जेथे एका आवाजाचा विषय पुरा होण्यापूर्वीच दुसरा आवाज त्यात शिरतो, त्या दाट जागी प्रत्येक आवाज वेगळा ऐकू आला पाहिजे. आणि विरळ जागी विषयाचा धागाही तुटता कामा नये. दाट जागा वेगाची वरची मर्यादा ठरविते, विरळ जागा खालची. ध्रुपदगायकापुढेही हाच हिशेब असतो. चौतालाच्या बारा मात्रांत स्थायी ठाय लयीत मांडतानाच त्यास पुढची दुगुण, तिगुण, चौगुण दिसत असावी लागते. चौगुणीत अक्षरे अस्पष्ट झाली, तर चूक चौगुणीची नसते. ती पहिल्या आवर्तनातच झालेली असते. स्थळाचाही विचार आहेच. प्रतिध्वनी घुमणाऱ्या मंदिरात जी लय दाट वाटेल, ती मानिक चौकासारख्या उघड्या जागी विरळ वाटेल. चर्चमधील ऑर्गन आणि घरातील क्लॅव्हिकॉर्ड यांचे अंतरही असेच.

महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी दक्षिणेत आणली. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशींचे स्वर, सम, टाळी व खाली काटेकोर नोंदली गेली. लयीविषयी मात्र ‘विलंबित’ किंवा ‘मध्यलय’ एवढेच. ही ‘लार्गो’सारखीच जातिवाचक संज्ञा होय, माप नव्हे. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या गायनात, विलंबित अतिविलंबित झाले. त्यातून आलापाला नवा अवकाश लाभला, हे निर्विवाद आहे. परंतु ग्वाल्हेरच्या बंदिशीचा मुखडा समेवर ज्या ओढीने येतो, ती ओढ एवढ्या दीर्घ आवर्तनात टिकत नाही.

म्हणून समीक्षकाने लयीचा न्याय करताना ‘विलंबित’ या नावाचा आधार घेऊ नये, तसाच यंत्राच्या आकड्याचाही घेऊ नये. रचनेतील सर्वांत दाट जागा स्वच्छ राहते काय आणि सर्वांत विरळ जागी तिचा आकार टिकतो काय, या दोन कसोट्या रचनेच्या पोटातच आहेत. जळालेल्या पोथ्या पुन्हा मिळणे नाही. परंतु गळ्यात उरलेल्या बंदिशी आपल्या लयीची साक्ष अद्याप देऊ शकतात.