करगाट्टक्कारन

करगाट्टक्कारन : ग्रामीण विनोदी तमिळ चित्रपट (१९८९). दिग्दर्शन गंगै अमरन यांचे, संगीत त्यांचे थोरले बंधू इळैयराजा यांचे. प्रमुख भूमिकांत रामराजन, कनका, गौंडमणी, सेंथिल व कोवै सरळा. १६ जून १९८९ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट मदुराईत वर्षाहून अधिक काळ चालला.

करगाट्टम हा डोक्यावर सजवलेला कलश हात न लावता तोलून धरत केला जाणारा नाच. मारियम्मन देवीच्या जत्रांत तो होतो आणि साथीला नागस्वरम, तविल, पंबै यांचा नैयांडी मेळ असतो. मुत्तैया (रामराजन) हा असाच एक नर्तक, कामाक्षी (कनका) दुसऱ्या गावची नर्तकी. दोघांची चढाओढ लागते, चढाओढीचे प्रेम होते. तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा (चंद्रशेखर) विरोध आणि गावातल्या एका बड्या असामीची (संतानभारती) तिच्यावरची वाईट नजर यांतून पेच वाढत जातो. शेवटी दोघांवर आळ येतो आणि देवळासमोर निखाऱ्यांवरून चालून ते आपला निर्दोषपणा सिद्ध करतात. कथानकाचा सांगाडा ए. पी. नागराजन यांच्या ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) या चित्रपटावरून घेतलेला आहे, हे उघड आहे. तिथे शिवाजी गणेशन नागस्वरमवादक आणि पद्मिनी नर्तकी होती. गंगै अमरन यांनी तो सारा मामला शास्त्रीय कलांच्या ओसरीवरून उचलून जत्रेच्या धुळीत आणला.

गंगै अमरन मूळचे तेनी भागातल्या पन्नैपुरमचे. गीतकार आणि संगीतकार म्हणून आधीच नाव झालेले. ‘कोळि कूवुदु’ (१९८२) पासून ते दिग्दर्शनात आले. रामराजन यांच्याबरोबर त्यांचा ‘एंग ऊरु पाट्टुक्कारन’ (१९८७) गाजला होता. रामराजन हे स्वतः दिग्दर्शक असलेले गृहस्थ नायक झाले ते भडक रंगांचे सदरे, साधा चेहरा आणि गायीगुरांसमोर म्हटलेली गाणी एवढ्या भांडवलावर. शहरी समीक्षकांनी त्यांची टिंगल केली, खेड्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. कनकाचा हा पहिला चित्रपट. १९६०च्या दशकातील अभिनेत्री देविका यांची ती मुलगी. पुढे ‘गॉडफादर’ (१९९१) या मल्याळम चित्रपटातही ती गाजली.

आज मात्र हा चित्रपट ओळखला जातो तो केळ्यांसाठी. गौंडमणी सेंथिलला दोन केळी आणायला पैसे देतो. सेंथिल एक वाटेत खातो, एक हातावर ठेवतो. दुसरे कुठे आहे, असे विचारले की तो निर्विकारपणे सांगतो, ते दुसरे म्हणजेच हे. प्रसंगात याहून अधिक काही घडत नाही. तोच प्रश्न, तेच उत्तर. गौंडमणीचा आवाज चढत जातो, सेंथिलचा चेहरा तसूभरही हलत नाही आणि उत्तरात तर्काची चूक सापडत नाही, यामुळेच मार खाणाऱ्यापेक्षा मारणाराच केविलवाणा वाटू लागतो. दुसरा प्रसंग मुत्तैयाच्या करगाट्टम मंडळाच्या जुनाट, अवाढव्य मोटारीचा. ही गाडी पूर्वी सोप्पन सुंदरी नावाच्या बाईने ठेवली होती, असे कळल्यावर तिला स्वतःला आता कोणी ठेवले आहे, ही चौकशी सुरू होते आणि गौंडमणीचा संताप होतो. सोप्पन सुंदरी पडद्यावर एकदाही दिसत नाही. तरी तिच्या नावाने २०२३ साली एक स्वतंत्र तमिळ चित्रपट निघाला.

विनोदी प्रसंगांचे लेखक ए. वीरप्पन. ‘वैदेगी कात्तिरुंदाळ’ (१९८४) मधले गौंडमणी-सेंथिल यांचे प्रसंगही त्यांचेच. त्या काळी तमिळ चित्रपटात विनोद हा वेगळा तुकडा म्हणून मध्येच डकवला जाई. इथे विनोदी पात्रे नायकाच्याच ताफ्यातली आहेत. त्याच्याबरोबर जत्रेला जातात, त्याच मोटारीला धक्का मारतात. त्यामुळे पातळ कथेतले सांधे फारसे जाणवत नाहीत. उरलेले काम इळैयराजांच्या संगीताने केले. नैयांडी मेळाचे ठेके आणि व्हायोलिनांचा ताफा एकाच गाण्यात नांदतात. ‘मांगुयिले पूंगुयिले’ हे गाणे सर्वाधिक लोकप्रिय झाले.

गंगै अमरन आणि रामराजन या जोडीने पुढे ‘विल्लुप्पाट्टुक्कारन’ (१९९२) केला. आधीच्या यशाची उंची त्याला गाठता आली नाही. रामराजन १९९८ मध्ये तिरुच्चेंदूर मतदारसंघातून अण्णाद्रमुकचे खासदार झाले.

करगाट्टम कलावंतांची मजुरी, त्यांच्या वाट्याला येणारी अवहेलना आणि नर्तकींकडे पाहण्याची गावाची नजर हे सारे चित्रपटात खलनायकाच्या एका पात्रात आटोपले आहे, ही त्याची खरी उणीव. ती बाजू बाला यांच्या ‘तारै तप्पट्टै’ (२०१६) मध्ये अंगावर येईल इतक्या कठोरपणे आली. त्याचेही संगीत इळैयराजांचेच असून पार्श्वसंगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.