फुफ्फुसाच्या नावावर गायकी

इंदूरपासून देवास तासाभराच्या वाटेवर. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी १९४८ साली तिथे गेले आणि १९९२ साली तिथेच निवर्तले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गवई माळव्याचा झाला. त्यावरून एक मत रूढ झाले आहे: कुमारांची गायकी ही आजाराची देणगी. दमसास उणा, त्यामुळे तुटक स्वरवाक्ये. अंथरुणावर लोकगीते कानी पडली, त्यातून नवे राग.

या मताला आधार आहे. एक फुफ्फुस निकामी झाले होते, काही वर्षे गाण्याला मनाई होती. पुन्हा मैफली सुरू झाल्या त्या १९५३ च्या सुमारास. हे सारे मान्य. आक्षेप आहे तो निष्कर्षाला.

आधी दमसासाचे पाहू. उणा श्वास गवयाला थांबायला लावील. पण नेमके कोणत्या स्वरावर थांबायचे, हे तो सांगेल काय? आणि श्वास जपणारा गवई तार षड्जाच्या वाटेला जपूनच जाईल. कुमार निर्गुणी भजनांत तोच स्वर पूर्ण ताकदीने फेकतात. ज्यांच्या गाण्यात दीर्घ, अखंड लडिवाळपणा, त्या बालगंधर्वांवर 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम त्यांनी आपण होऊन केला. गायकी फुफ्फुसाच्या हुकमाने ठरत असती, तर या वाटेला ते गेलेच नसते.

आता लोकगीतांचे. खिडकीतून येणारी माळवी गाणी देवासात साऱ्यांच्याच कानी पडत होती. त्यातून किती जणांनी राग घडवले? कुमारांच्या कानामागे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे घेतलेली तालीम होती, आणि देवधर स्वतः अनेक घराण्यांचे गाणे मोकळेपणाने ऐकणारे. कुमारांनी धुनांचे स्वरलेखन केले, चलने तपासली, त्यांतून 'धुनउगम' राग उभे केले. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांतलेच. १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये हे चिंतन बंदिशींसह ग्रंथरूप झाले. याला योगायोग म्हणायचे?

आजाराने सक्तीची विश्रांती दिली, इतके श्रेय त्याला जरूर द्यावे. त्या विश्रांतीत काय ऐकायचे, त्यातले काय टिपायचे आणि त्याचे काय करायचे, हे गवयाने ठरवले. फुफ्फुसाला कर्ता ठरवले की बुद्धीचे श्रेय हिरावले जाते. कुमारांच्या चाहत्यांकडून तरी असा अन्याय व्हावा काय? निवाडा वाचकांनी करावा. मात्र करण्याआधी त्यांची एखादी मैफल पुन्हा ऐकावी.