कोंडा जात का नाही? डोक्याच्या खाजेवर वऱ्हाडातल्या वाचकांसाठी कामाची माहिती

काळा कुर्ता घातला की खांद्यावर पांढरा भुगा दिसतो. हिजाब काढला की आतल्या बाजूला खपल्या चिकटलेल्या असतात. चारचौघांत बसलं की हात आपोआप डोक्याकडे जातो. अमरावती-अकोल्याकडच्या बहुतेक घरांत हे कुणाला ना कुणाला चालूच असतं. मग कोणी लिंबू चोळतो, कोणी दही लावतो, कोणी मेडिकलवर जाऊन म्हणतो, "भाऊ, कोंड्यावर काही द्या ना." आठ दिवस बरं वाटतं आणि कोंडा पुन्हा हजर.

कोंडा धोकादायक आजार नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. जगात सुमारे निम्म्या प्रौढांना तो कधी ना कधी होतो. मात्र त्याचं कारण समजून न घेता केलेले उपाय पैसा वाया घालवतात आणि कधी कधी खरं दुखणं झाकून ठेवतात. म्हणून ही माहिती.

कोंडा म्हणजे नेमकं काय?

आपल्या सर्वांच्या डोक्याच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. ती कातडीतून सुटणाऱ्या तेलकटपणावर जगते. हे तेल खाऊन ती जी आम्लं मागे सोडते, त्यांचा काही लोकांच्या कातडीला त्रास होतो. कातडी चिडते, खाज सुटते आणि तिच्या पेशी घाईघाईने झडू लागतात. एरवी कातडीचा थर बदलायला सुमारे महिनाभर लागतो, तेव्हा पेशी एकेक करून गळतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. कोंड्यात हे काम फार लवकर होतं, पेशी गठ्ठ्याने सुटतात आणि तोच आपल्याला दिसणारा कोंडा.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, कोंडा म्हणजे घाण नाही. रोज अंघोळ करणाऱ्यालाही तो होतो, त्यामुळे लाज वाटण्याचं कारण नाही. दुसरी, ही बुरशी कायमची हटवता येत नाही, फक्त आटोक्यात ठेवता येते. म्हणूनच "एका बाटलीत कोंडा मुळापासून गायब" अशा जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

कपाळाच्या कडेला, भुवयांत, नाकाच्या बाजूला, कानामागे किंवा दाढीतही लालसर, तेलकट खपल्या येत असतील, तर तो याच दुखण्याचा मोठा भाऊ आहे. डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात.

वऱ्हाडाचं हवापाणी

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. डोकं दिवसभर घामेजलेलं राहतं, त्यावर धूळ बसते, खाज वाढते. हिवाळ्यात उलट कोरडी हवा असते. खूप जणांचा कोंडा थंडीतच जास्त होतो.

त्यात आपल्याकडचं पाणी. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या लोकांना बोअरच्या पाण्याची चव सांगायला नको. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट थर डोक्यावर राहून जातो. पाण्यामुळे कोंडा होतो असं नाही, पण खाज आणि राठपणा त्यामुळे वाढू शकतो. अंगाचा साबण डोक्याला लावणं बंद करावं, शाम्पूच वापरावा आणि शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या गोड्या पाण्याचे घ्यावेत.

तेलाचा गैरसमज

"डोकं कोरडं पडलं म्हणून कोंडा झाला, तेल थाप," हा अम्मी-दादींचा सल्ला प्रेमाचा असतो, पण कोंड्यात तो बहुतेक वेळा उलटा पडतो. बुरशी तेलावरच जगते. रात्रभर चोपडून ठेवलेलं तेल म्हणजे तिला दिलेली दावत. तेलाने खपल्या केसांना चिकटून बसतात, म्हणून दोन दिवस कोंडा दिसत नाही एवढंच.

खरंच कोरडी कातडी असेल, तर खपल्या बारीक आणि सुक्या असतात, हातपायही तडकलेले असतात आणि डोक्यात लाली नसते. कोंड्याच्या खपल्या मोठ्या, पिवळसर आणि तेलकट लागतात. तेलाची सवय सुटत नसेल, तर धुण्याआधी अर्धा-एक तास थोडं लावून मग शाम्पूने पूर्ण काढून टाकावं. खपल्या जाड असतील तर त्या मऊ होण्यापुरता याचा उपयोग होतो.

लिंबू, सोडा, कांद्याचा रस यांनी चिडलेली कातडी आणखी भाजल्यासारखी होते. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडीवर काळे डाग आणि फोडही येऊ शकतात.

शाम्पू कोणता आणि कसा?

बाटलीवरच्या चित्रापेक्षा आतलं औषध वाचावं. कोंड्यावर चालणारी औषधं मोजकीच आहेत: केटोकोनॅझोल, झिंक पायरिथिओन, सेलेनियम सल्फाइड, सिक्लोपिरॉक्स. खपल्या जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिड किंवा कोल टार असलेला शाम्पू डॉक्टर सांगतात. यांतलं केटोकोनॅझोल २ टक्के सर्वांत जास्त लिहून दिलं जातं. जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळतं का, हे आधी विचारून पाहावं.

पण निम्म्या लोकांची चूक औषधात नसते, वापरण्याच्या पद्धतीत असते. पद्धत अशी:

१. आधी साध्या शाम्पूने तेल आणि धूळ काढा.
२. मग औषधी शाम्पू बोटांच्या टोकांनी केसांच्या मुळांशी, कातडीवर लावा. नखांनी खरवडू नका.
३. तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवा. लावला की लगेच धुतला, तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.
४. भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका.
५. आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे करा. मधल्या दिवशी साधा शाम्पू चालतो.
६. कोंडा गेल्यावर थांबू नका. आठवड्यातून किंवा पंधरा दिवसांतून एकदा तोच शाम्पू चालू ठेवा. कोंडा परत येतो तो इथेच, कारण बरं वाटलं की बाटली कोपऱ्यात जाते.

चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल, तर शाम्पू बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. गरोदर बायांनी आणि लहान मुलांसाठी औषधी शाम्पू विचारूनच घ्यावा. केसांना मेंदी किंवा रंग लावला असेल, तर सेलेनियम सल्फाइडने रंग बदलू शकतो.

मेंदीवरून आणखी एक गोष्ट. झटपट काळा रंग देणाऱ्या "काळ्या मेंदी"त बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. ती लावल्यावर एक-दोन दिवसांत डोक्याला खाज, सूज, पाणी सुटणं सुरू झालं, तर तो कोंडा नाही, ॲलर्जी आहे. ती मेंदी पुन्हा लावू नये. दरवेळी त्रास जास्त होत जातो.

टोपी, हिजाब आणि ओढणी

टोपी किंवा हिजाबमुळे कोंडा होत नाही. ओलं डोकं झाकून ठेवल्याने त्रास वाढतो. सकाळी घाईत केस धुतले, तसेच ओले बांधले, वरून जाड कापड घेतलं की आत दिवसभर दमटपणा राहतो. म्हणून शक्य असेल तेव्हा केस रात्री धुवावेत किंवा पुरते वाळवूनच हिजाब बांधावा. आतली टोपी सुती असावी. घामेजलेली टोपी, हिजाबची आतली पट्टी, उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा धुऊन उन्हात वाळवावा. घरी आल्यावर केस मोकळे सोडावेत.

उमऱ्याला किंवा हजला जाणाऱ्यांनी महिनाभर आधीच उपचार सुरू करावा. इहराममध्ये सुगंधी शाम्पू वापरता येत नाही आणि खाजवताना केस तुटण्याची धास्ती असते, त्यामुळे तिथे गेल्यावर धावपळ नको.

मेडिकलवरची ट्यूब: इथे सावध राहा

खाजेवर मेडिकलवरून मिळणाऱ्या अनेक ट्यूब आणि लोशनमध्ये क्लोबेटासोल, बेटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड असतं. लावताच खाज थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण बुरशी मरत नाही, दबून पसरत राहते. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लाली आणि पुरळ येतं, आणि ट्यूब सोडली की खाज दुप्पट होते. देशभर याचा इतका गैरवापर झाला की केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. तरी ती सर्रास मिळतात.

स्टेरॉइड वाईटच असतं असं नाही. जास्त सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञ थोड्या दिवसांसाठी ते देतात. पण किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवावं. शेजाऱ्याची ट्यूब आपल्या डोक्याला लावू नये.

कोंडा वाटतो, पण कोंडा नसतो

उवा-लिखा: कोंडा झटकला की पडतो. लीख केसाला चिकटून बसते, नखाने ओढावी लागते. कानामागे आणि मानेवर खाज जास्त असते.

लहान मुलांच्या डोक्याचं गजकर्ण: हे सर्वांत महत्त्वाचं. खरा कोंडा बहुधा वयात आल्यावर सुरू होतो. पाच-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गोल खपल्यांचा चट्टा दिसला आणि तिथले केस तुटत असतील, तर तो कोंडा समजू नका. हा बुरशीचाच, पण वेगळा आजार आहे. तो कंगवा, टोपी, टॉवेल आणि न्हाव्याच्या मशीनवरून एकातून दुसऱ्याला लागतो. तो शाम्पूने जात नाही, काही आठवडे पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. उशीर झाला तर पुवाने भरलेली सूज येते आणि त्या जागी कायमचं टक्कल राहू शकतं. होस्टेल, मदरसा, शाळा जिथे मुलं एकत्र राहतात, तिथे प्रत्येकाची टोपी आणि कंगवा वेगळा असलाच पाहिजे.

सोरायसिस: जाड, चांदीसारख्या खपल्या, कपाळाच्या खाली उतरलेल्या, सोबत कोपरं-गुडघ्यांवर चट्टे किंवा नखांना खड्डे.

अचानक केस गळणं: आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यातली घटना अनेकांना आठवत असेल. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोक्याला खाज सुटायची, मग काही दिवसांतच केस मुठीत यायचे. अडीचशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला. सुरुवातीला बुरशीचा आणि पाण्याचा संशय घेतला गेला, "टक्कल व्हायरस" अशी अफवाही पसरली. आयसीएमआरचं पथक तपासणीला आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेलं आढळल्याचं सांगून त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. बऱ्याच जणांचे केस नंतर परत आले. यातून शिकायचं एवढंच की कोंड्याने केस मुठीमुठीने जात नाहीत. एकाच घरात, एकाच गल्लीत अनेकांना असं होऊ लागलं, तर शाम्पू बदलत न बसता लगेच आरोग्य केंद्राला कळवावं.

डॉक्टरांकडे कधी, कुठे?

डोक्यातून पाणी किंवा पू येत असेल, गाठी दुखत असतील, चट्ट्यात केस जात असतील, मुलाला खपल्या असतील, किंवा महिनाभर उपचार करूनही कोंडा हटत नसेल, तर दाखवावं. अंगभर पसरलेला, कशालाच न जुमानणारा सेबोरिक डर्मटायटिस कधी कधी प्रतिकारशक्ती कमी झाल्याचं लक्षण असतो. डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली तर घाबरून टाळू नये.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण इर्विन म्हणतो, आणि डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे त्वचारोग विभागाची चौकशी करावी. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून न्या. काय लावलं होतं हे कळलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.