धाब्याची माती आणि गच्चीवरच्या फळ्या



दोन वर्षांपूर्वी मुलाने आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर कॉम्पोझिट डेक बसवून घेतला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेल्या तपकिरी फळ्या, दोन फळ्यांत बोटभरापेक्षा कमी फट आणि खाली आडव्या पट्ट्यांचा सांगाडा. दिसायला अगदी सागवानी. विकणारा म्हणाला, "काकू, याला काहीच करावं लागत नाही. बसवा आणि विसरा."

मी खरंच विसरले. श्रावण सरता सरता पर्युषण आले आणि एका सकाळी फटींतून कुबट वास येऊ लागला. एक फळी उचलून बघितली तर खाली हिरवीगार लीलण-फूलण. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. घाईत मी ब्लीचची बाटली फटींतून ओतली. दोन तासांत हिरवे पांढरे पडले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात जेव्हा चालता-फिरता पायाखाली आलेल्या जीवांची क्षमा मागण्याचा पाठ आला, तेव्हा त्यात हिरवळ, मुंग्यांची वारुळे, ओली माती आणि कोळ्याची जाळी यांच्याबरोबर शेवाळही आहे, हे नव्याने कानावर पडले. इतकी वर्षे तो पाठ तोंडपाठ आहे. शेवाळ हे अनंतकाय, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. आणि मी तर चालता-चालता नाही, बाटली घेऊन गेले होते.

त्या रात्री मला सासूबाईंचे धाबे आठवले. आज त्याविषयीच लिहायचे आहे.

धाबे म्हणजे काय?

ज्यांचे लहानपण खानदेशात गेले त्यांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते. आपल्या जळगाव-धुळ्याकडची जुनी घरे कौलारू नव्हेत, धाब्याची. म्हणजे वर सपाट मातीचे छत. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. पाऊस बेताचा आणि ऊन 45 अंशांपर्यंत जाणारे, अशा मुलखाला हेच छत मानवते. हातभर मातीतून ऊन लवकर खाली उतरत नाही. रात्री त्याच छतावर अंथरुणे टाकायची. पापड, कुरडया, मिरच्या वाळायलाही तेच.

आता त्याची रचना बघा. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर लाकडाच्या चिरफळ्या. गरिबाच्या घरी त्या जागी तुराट्या किंवा पऱ्हाट्या. त्यावर कडुनिंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागू नये. मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर खारी, म्हणजे पांढरट खारट माती. लाकूड, पाला, चिखल आणि क्षार! कॉम्पोझिट या शब्दाचा अर्थ मुलाने "मिश्र" असा सांगितला, तेव्हा मला हसू आले. मिश्र छताखाली तर आपल्या कित्येक पिढ्या झोपल्या.

काळी आणि पांढरी

आमच्या शेतात काळ्या मातीचा समुद्र असताना धाब्यासाठी पांढरी माती लांबून का आणायची, हा प्रश्न मी सून म्हणून आले तेव्हा विचारला होता. सासूबाई म्हणाल्या, "काळी पिकते, पण छताला दगा देते." अगदी खरे आहे. कपाशीची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडलेले धाबे गळणारच. खाऱ्या मातीचे उलटे. तिच्यातल्या क्षारांमुळे तिचे बारीक कण पाण्यात सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी आत मुरण्याऐवजी उतारावरून पन्हाळीकडे जाते. शिवाय खारट मातीत गवताचे बी सहसा रुजत नाही.

आपल्या भाषेत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, चुलींची राख पडली, तिथली माती पांढरी झाली. म्हणूनच धाब्यासाठी माती आणायची ती बहुतेक जुन्या गढीवरून नाहीतर ओसाड गावठाणाच्या टेकाडावरून.

यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. अशीच पांढरीची टेकाडे पुढे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी उकरली. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे इथे 1955 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले. 1906 मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, त्यांतल्या पश्चिम खानदेशात तेव्हा हे गाव होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तिथे ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळला उत्खनन झाले, तिथेही तसेच जुने थर निघाले. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी पाट्या भरभरून धाब्यावर टाकलेल्या मातीत कोणाकोणाची हजारो वर्षांपूर्वीची घरे असतील. छत टिकले, पण इतिहासाची पाने मात्र पावसाबरोबर पन्हाळीतून वाहून गेली. हे कोणी वाईट मनाने केले नाही, पण झाले.

आखाजी ते चौमासी

धाब्याच्या देखभालीचे पंचांग ठरलेले होते. आखाजी हा खानदेशचा सर्वांत मोठा सण. माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात. आपल्या जैन घरांत तोच दिवस वर्षीतपाच्या पारण्याचा, भगवान ऋषभदेवांच्या उसाच्या रसाचा. माहेरवाशिणी परत गेल्या आणि पापड-कुरडया डब्यात गेल्या की धाबे मोकळे होई. मग कामाला सुरुवात.

आधी झाडून काढायचे, तेही दिवसाउजेडी आणि मऊ झाडूने. सासूबाई कोपऱ्यांत पुंजणी फिरवीत, मुंग्यांची रांग दिसली तर ती बाजू दुसऱ्या दिवसावर टाकत. पन्हाळीतली घरटी, काड्या, पाने तपासायची. घरट्यात पिल्ले असतील तर पन्हाळीच्या शेजारी तात्पुरती वाट काढायची. मग भेगा भरायच्या, नवी खारी पसरायची, थोडे पाणी शिंपडून चोपण्याने चोपायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, त्याच्या आत हे सगळे उरकलेले असे. आषाढी चौमासी यायची तेव्हा धाब्यावर कोणी उगाच पाय ठेवत नसे.

आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी का राहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पावसाने जमीन जिवंत होते, पावलागणिक हिंसा घडते. घराला तोच नियम लावला की सासूबाईंचे पंचांग कळते. जीव उपजल्यावर त्याला मारून साफ करायचे नाही, उपजण्याआधी जागा कोरडी आणि स्वच्छ करून ठेवायची. यालाच आपण जयणा म्हणतो. सासूबाईंना यावर व्याख्यान देता आले नसते. त्या फक्त म्हणायच्या, "जेठात एक दिवस घाम गाळ, म्हणजे भाद्रपदात हात बरबटणार नाहीत."

ज्याने हे विसरले त्याचे काय झाले

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. माती वाहणारे हात बहुतेक आपले नव्हते. गढीवरची माती खणून, गाढवांवर नाहीतर डोक्यावर पाट्या घेऊन ज्या बायका भर वैशाखात शिडी चढत, त्यांच्या वाट्याला अर्ध्या दिवसाची मजुरी आणि ताक. आपल्या अहिंसेच्या हिशेबात त्यांच्या पायांचे चटके कोणी मांडले नाहीत.

आणि धाबे चूक माफ करत नाही. आम्ही धंद्यासाठी जळगावला आलो आणि पारोळ्याकडचे घर कुलूपबंद झाले. पहिल्या वर्षी माणूस लावून खारी टाकून घेतली. पुढच्या दोन वर्षी "बघू" म्हणत राहिलो. चौथ्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली, माती पाण्याने जड झाली, आतून कुजलेली तुळई मोडली आणि मधला खण खाली आला. घरात कोणी नव्हते म्हणून वाचलो. खानदेशात दर मोठ्या झडीत अशी घरे पडल्याच्या बातम्या येतात, आणि पुष्कळदा आत माणसे असतात. तेव्हा लोकांनी पत्रा आणि स्लॅब घेतला तो हौसेने नव्हे. रात्री निर्धास्त झोप यावी म्हणून घेतला.

आता ही फळी

लाकूड-प्लास्टिकची ही फळी अमेरिकेत पुढे आली, मुख्यतः 1990 च्या दशकात. लाकडाचा भुसा आणि वापरलेल्या पिशव्यांचे प्लास्टिक वितळवून फळ्या ओढायच्या, ही कल्पना. मोबिल या तेल कंपनीच्या अशाच एका विभागातून 1996 मध्ये ट्रेक्स ही कंपनी वेगळी झाली. प्लास्टिकच्या चटया आणि पाइप देशभर पाठवणाऱ्या आपल्या जळगावला यात फार नवल वाटू नये. पण फळीत लाकडाचा अंश आहे, आणि लाकूड ओल धरते. सुरुवातीच्या फळ्यांवर बुरशीचे डाग पडत, म्हणून पुढे बाहेरून प्लास्टिकचे कवच चढवू लागले. कवचामुळे फळी वाचते. फटीत साचलेली धूळ, पाने आणि खालचे तुंबलेले पाणी यांचे कवच काय करणार? शेवाळ उगवते ते त्या कचऱ्यावर.

म्हणून यंदा मी सासूबाईंचे पंचांग या फळ्यांना लावले.

आखाजीनंतर एका सकाळी चार फळ्या उचलल्या. खालची धूळ मऊ झाडूने काढली आणि पाणी जायची जाळी मोकळी केली. फटींतला कचरा बोथट बांबूच्या काडीने काढला; सुरी किंवा तारेचा ब्रश वापरला तर कवचावर ओरखडे पडतात. मग एक बादली गाळलेले कोमट पाणी, थोडा साधा साबण, मऊ ब्रश. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र मुलगा आणणार होता, त्याला नको म्हटले. फळीला धोका, आणि पाण्याचे जीव काय कमी मोलाचे? कुंड्या पायाच्या स्टँडवर ठेवल्या, म्हणजे खाली ओल राहत नाही. रबरी पायपुसणी काढून टाकली, तिचा डाग पडतो. हळद-तेल सांडले तर तिथल्या तिथे पुसायचे. आपल्या उन्हात फळ्या लांबीला वाढतात, तेव्हा टोकांची फट कोणी बुजवू देऊ नका. आणि मे महिन्यात दुपारी अनवाणी जाऊ नका, तव्यासारख्या तापतात!

एकूण तीन तास लागले. फळ्या उचलायला कामवाल्या ताईंना बोलावले होते. काम सकाळी दहाच्या आत संपवले आणि पूर्ण दिवसाचे पैसे दिले. हाही सुधारलेल्या पंचांगाचा भाग आहे.

यंदाच्या पर्युषणात मी पुन्हा तीच फळी उचलून बघितली. एका कोपऱ्यात नखाएवढे हिरवे होते. मी फळी परत ठेवली, शेजारची कुंडी सरकवून तिथे वारा जाईल असे केले, आणि खाली आले. ऊन पडू लागले की ते आपोआप वाळेल, तोवर त्या कोपऱ्यात कोणी पाय ठेवणार नाही.

तुमच्याकडच्या धाब्याच्या आठवणी असतील तर घरच्या मुलींना जरूर सांगा. लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.