मीटिंगचा पत्ता कुणाकडे होता?

आज दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (पुढे नुसतं एए म्हणू) मीटिंग शोधायची असेल तर बहुतेक वेळा एक फोन पुरतो. पण मीटिंग अशी 'शोधता येणं' ही एएच्या जन्मापासूनची सोय नव्हे, ती नंतर घडत गेली. एएवरचं बरंच लिखाण बारा पायऱ्या आणि श्रद्धा यांच्याभोवती फिरतं. माझा प्रश्न साधा आहे: १९३५ ते १९४१ या काळात अमेरिकेतल्या पिणाऱ्या माणसाला मीटिंगचा पत्ता मिळायचा कुठून?

सुरुवात ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरातून करू. मे १९३५. शेअरबाजारात काम केलेला न्यूयॉर्कचा बिल विल्सन इथे एका व्यवहारासाठी आला होता आणि तो व्यवहार फसला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीला लागूनच बार. लॉबीतल्या चर्चच्या यादीवरून त्याने एका पाद्र्याला फोन लावला. त्याला उपदेश नको होता, बोलायला दुसरा दारुडा हवा होता. फोनामागून फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ घालून दिली.

आता दिशा बघा. इथे शोधणारा आहे तो दारू सोडलेला, आणि ज्याला शोधलं जातंय तो पिणारा! पुढची काही वर्षं साधारण असंच चाललं. डॉक्टर, बायको किंवा शेजारी कुणाचं तरी नाव कळवायचे. मग सोडलेली माणसं त्याच्या हॉस्पिटलच्या खाटेपाशी जाऊन बसायची, स्वतःची कहाणी सांगायची आणि बरा झाल्यावर त्याला कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या बैठकीला न्यायची. ज्याला ओळखणारं कुणी नव्हतं, त्याच्यासाठी मीटिंग असून नसल्यासारखीच.

(जाता जाता: डॉ. बॉबच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, १० जून १९३५, हा एएचा स्थापनादिन मानतात. पण तो पेला अटलांटिक सिटीतल्या वैद्यकीय अधिवेशनाहून परतल्यानंतरचा, आणि अधिवेशन सुरूच झालं १० जूनला. वर्धापनदिनाची तारीख पुरावा म्हणून उचलण्याआधी असं एखादं वेळापत्रक शेजारी ठेवून बघत जा.)

ही दिशा उलटी केली ती छापील कागदाने. एप्रिल १९३९ मध्ये 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पुस्तक आलं, तेव्हा सदस्य होते शंभरच्या आसपास. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे न्यूयॉर्कच्या पोस्टातला एक पेटी क्रमांक, ६५८. ओळखपाळख नसलेला माणूस आता निदान पत्र तरी टाकू शकत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर'मध्ये एल्रिक डेव्हिसची लेखमाला छापून आली आणि चौकशीचा पूर लोटला. तिथल्या मूठभर सदस्यांना तो पेलवेना. मग काही आठवड्यांपूर्वी दारू सोडलेल्यांनाच नव्या माणसांकडे पाठवावं लागलं. नव्याचा हात धरणारा 'स्पॉन्सर' ही पद्धत रुळली ती या धांदलीत. १ मार्च १९४१ ला 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये जॅक अलेक्झांडरचा लेख आला. एएच्या स्वतःच्या मोजणीनुसार त्या एका वर्षात सदस्य सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

आठ हजारांचा हा आकडा वापरताना जपून. मीटिंगला हजेरीपट नसतो, आडनाव सांगावं लागत नाही. कोण आलं, कोण दुसऱ्यांदा आलंच नाही, याची नोंदच होत नाही. मग इतिहास लिहायचा कशावरून? मी माणसांऐवजी पत्त्यांच्या मागे जाते. बैठक घरातून चर्चच्या तळघरात कधी गेली, वार आणि वेळ वर्तमानपत्रात कधीपासून छापू लागले, फोन कुणाच्या टेबलावर वाजायचा, हे सापडतं आणि त्यात कुणाची अब्रूही जात नाही. हा मुद्दा हलका समजू नका. एएच्या न्यूयॉर्कमधल्या अभिलेखागारात काम करायचं तर सदस्यांची अनामिकता राखण्याची अट असते. मृत माणसाचं नाव कागदावर स्पष्ट दिसत असलं तरी ते आपल्या प्रबंधात उतरवायचं नाही. आणि प्रत्यक्ष मीटिंग पाहायची असेल तर 'ओपन' मीटिंगलाच जायचं, तेही आपण संशोधक आहोत हे आधी सांगून. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी असते. तिथे वही घेऊन बसणं म्हणजे कुणाची तरी शेवटची सुरक्षित जागा घालवणं.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी अवघड होतो. एए मुंबईत आलं १९५७ मध्ये आणि तेव्हा मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. अ‍ॅक्रनच्या माणसाला शेजाऱ्यांची लाज होती. मुंबईच्या माणसापुढे लाजेच्या जोडीला पोलीसही होते. परमिटशिवाय पिणाऱ्याने अनोळखी लोकांत उभं राहून 'मी पितो' म्हणायचं, तर त्या खोलीचा पत्ता त्याला कोण देणार आणि तो कुणाच्या भरवशावर तिथवर जाणार? विषय शोधत असाल तर हा घ्या. सुरुवात त्या वर्षांतल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींपासून करा.