फंदी नावाचा सोबती

संगमनेरच्या अनंत भवानीबावा घोलप यांना त्यांच्या मूळ आडनावाने आज कोणी ओळखत नाही. १७४४ साली जन्मलेला आणि पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८१९ साली निवर्तलेला हा शाहीर महाराष्ट्राला ठाऊक आहे तो अनंत फंदी म्हणून. आता हे 'फंदी' आले कोठून? संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. स्वभावाने लहरी, म्हणून लोक त्याला फंदी म्हणत. अनंताची आणि त्याची गट्टी जमली आणि लोकांनी अनंतालाही तेच नाव चिकटवले. वाङ्मयाच्या इतिहासात ही हकिकत एका वाक्यात उरकलेली असते. पुढे लगेच लावण्या, पोवाडे आणि फटके यांची चर्चा सुरू होते.

मला मात्र त्या एका वाक्यापाशीच थांबावेसे वाटते. मी पदवीधर संशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्यांचा. पण विचार करा, वाचकहो! यजुर्वेदी ब्राह्मणाचा मुलगा एका फकिराचे टोपणनाव घेतो आणि पुढे जन्मभर मिरवतो. अठराव्या शतकातल्या संगमनेरात दिवसाउजेडी ही मैत्री कुठे वाढली असेल? दिवसा प्रत्येकाची आळी ठरलेली, पाणवठा ठरलेला, पंगत ठरलेली. रात्री डफावर थाप पडली, तुणतुणे वाजू लागले, की मशालीच्या उजेडात जो तो मिळेल त्या जागी बसे. तमाशाला नावे ठेवणाऱ्यांनी पुष्कळ नावे ठेवली आहेत. त्यांतली काही वाजवीही आहेत. परंतु दिवसा ज्यांची गाठ पडायची नाही त्यांची रात्री गाठ घालून देण्याचे काम आपल्या खेड्यांतून तमाशाइतके दुसऱ्या कोणी केले असेल, असे मला वाटत नाही.

मग ती प्रसिद्ध आख्यायिका येते. अहिल्याबाई होळकरांनी फंदीला उपदेश केला की, एवढी वाणी देवाने दिली ती तमाशात का दवडतोस? फंदीने तमाशा सोडला आणि तो कीर्तने करू लागला. अहिल्याबाईंचा अधिकार मोठा, हेतू निर्मळ. आणि त्या वळणावरच्या फंदीने जे उपदेशपर फटके लिहिले, ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून पाठ म्हटले गेले. मराठीचा त्यात लाभच झाला. तरीही कादंबरीकाराचे मन भलतीकडे जाते. तमाशाच्या बैठकीत मलिक फकीर पुढच्या ओळीत मांडी घालून बसू शके. मित्राच्या कीर्तनाला तो कोठे बसणार? फार तर देवळाच्या पायरीखाली. बाईंच्या एका वाक्याने मराठीला फटका मिळाला, पण एका मित्राची रात्रीची जागा गेली.

हे सारे माझ्या डोक्यात घोळू लागले ते दोन वर्षांपूर्वीच्या एका चैत्री यात्रेपासून. आमच्याच तालुक्यातल्या एका गावी, बरोबरीच्या दोघा शिक्षकांसह मी तमाशाला गेलो होतो. गण झाला, गवळण झाली, बतावणीत मावशीने गाव हसवून घेतला. रंगबाजी आटोपून वग सुरू झाला आणि राजा दरबारात आला. त्याने पहिली आरोळी दिली मात्र, मी ताठ झालो. हा आवाज मी ओळखत होतो! याच आवाजात आमच्या वर्गात सकाळी सकाळी पाढे म्हटले जात. तो म्हणे आणि आम्ही चाळीस पोरे मागून ओरडत असू. सातवीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. त्याचा बाप फडात ढोलकी वाजवी. सातवीतल्या दसऱ्याला बापाबरोबर तो जो गेला तो परतला नाही. हजेरीपटावरून गुरुजींनी त्याचे नाव लाल शाईने कमी केले.

बाराच्या ठोक्याला पोलीस आले आणि ढोलकी थांबली. वग अर्धाच राहिला. मी राहुट्यांकडे गेलो. पेटीवर बसून तो खोबरेल तेलाने चेहऱ्याचा रंग पुसत होता.

"बसल्या जागी वळखला व्हता तुला," तो म्हणाला. "तिसऱ्या वळीत. पर राजाला हसता येत न्हाई ना!"

"वग पुरा नाही झाला रे तुझा."

"कुठं व्हतोय! शेवटाला राजा मरतो. औंदा एका बी गावात मेला न्हाई."

चहा आला. मी शाळेत मास्तर आहे हे कळल्यावर तो जरा पुढे सरकला. "मग तुलाच इचारतो. लेक पाचवीला हाये, वसतिगृहात ठिवलीय. तिच्या फारमावर बापाचा धंदा लिवायचाय. बायको म्हनती मजुरी लिवा. मी म्हनतो, कलावंत लिवावं. तू काय लिवशील?"

"कलावंत," मी म्हणालो.

तो हसला. "तू लिवशील रं. तुझ्या पोरीला वर्गात कुनी 'नाचून दाखव' म्हननार न्हाई."

यावर मी काय बोलणार? पलीकडे पोरे कनाती गुंडाळून ट्रकवर चढवीत होती. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम दूरचा होता. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत हा ट्रकच त्यांचे घर. निघताना त्याने माझ्या हातात यात्रेतल्या रेवड्यांचा पुडा कोंबला, "पोरांना दे," म्हणाला, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर चढला. त्या फॉर्मवर शेवटी काय लिहिले गेले ते मी अद्याप विचारलेले नाही.

त्याच्या बायकोची भीती आजकालची नव्हे. फंदीच्या काळी तमाशात स्त्रिया नसत; पोरसवदा मुलगाच नाच्या होई. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली मोठी स्त्री म्हणून जिचे नाव घेतात, ती पवळा याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तिच्यासाठी रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात सोडून आले आणि पठ्ठे बापूराव झाले. गंमत पाहा: एक ब्राह्मण शाहीर संगमनेरातून तमाशा सोडून निघाला, शंभर वर्षांनी दुसरा त्याच तालुक्याच्या लेकीसाठी तमाशात शिरला. ही जोडीही पुढे फुटली. पवळा १९३९ साली गेली, बापूराव १९४५ साली. लोकांनी दोघांवर भरभरून दौलतजादा केला, पण पवळेला सन्मानाचे आसन देण्याची वेळ आली तेव्हा हात आखडले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, पुढे ते सैलही केले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद झाले. वर्षातल्या मोजक्या दिवशी ती मुदत बारापर्यंत वाढवता येते. कायदा गैर आहे असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवीच. पण पहाटेपर्यंत चालणारा वग या घड्याळात मावत नाही. त्यात २०२० आणि २०२१ या साली कोरोनामुळे यात्राच भरल्या नाहीत. कलावंतांवर मिळेल ते काम धरण्याची पाळी आली.

२०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बाईंचे माहेर चोंडी, जामखेड तालुक्यातले. ज्या खर्ड्याच्या लढाईवर फंदीने पोवाडा रचला तो खर्डाही त्याच तालुक्यात. लढाई मार्च १७९५ ची आणि बाईंचे निधन त्याच वर्षीच्या ऑगस्टातले. म्हणजे आख्यायिका खरी धरली, तर उपदेश मिळून गेल्यानंतर पन्नाशी उलटलेल्या या माणसाच्या तोंडी पोवाडा आला होता! तमाशा सोडला खरा, पण शाहिरी त्याला सुटली नाही. मित्राचे नावही त्याने टाकले नाही. कीर्तनाला उभा राहिला तोही फंदी म्हणूनच.

संगमनेरात आजही त्याच्या नावाने व्याख्यानमाला भरते. तिच्या फलकावर घोलप हे आडनाव शोधून सापडायचे नाही. तेथे मलिक फकिराचेच नाव असते.